अँजी ब्रुक्स: कोर्टातल्या टायपिस्टपासून महासभेच्या अध्यक्षपदापर्यंत

प्रश्न: मी एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विजयालक्ष्मी पंडितांनंतर संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचं अध्यक्षपद मिळवणारी दुसरी स्त्री लायबेरियाची अँजी ब्रुक्स, आणि ती मूळची वकील, एवढंच वाचनात आलं. या बाईंबद्दल सविस्तर सांगाल का? आणि वकिलीचा मुत्सद्देगिरीत खरंच उपयोग होतो, की ती नुसती बायोडेटातली एक ओळ असते?

उत्तर:

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या भागाकडे बघायची नजर त्यातूनच येते. उपयोग होतो, चांगलाच होतो. पण लोक समजतात त्या जागी नाही. वकील म्हटलं की बाहेरच्यांना घणाघाती युक्तिवाद आठवतो. मी उच्च न्यायालयात वकिली करतो, लवादाची कामं करतो आणि बरीच वर्षं आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतो. माझ्या मते वकील त्या क्षेत्रात जाताना दोनच उपयोगी गोष्टी घेऊन जातो. एक, कामकाजाचे नियम तोंडपाठ असणं. दुसरी, कागदावर नेमकं काय चढतंय आणि काय सुटतंय याकडे बारीक लक्ष. ब्रुक्सबाईंना यातली दुसरी सवय वकील होण्याच्याही आधी लागली होती.

जन्म २४ ऑगस्ट १९२८ चा, मॉन्रोव्हियाजवळच्या व्हर्जिनिया गावचा. नावावरून गोंधळू नका. अमेरिकेतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी १८२२ पासून वसवलेला आणि १८४७ मध्ये स्वतंत्र झालेला हा देश, त्यामुळे तिथे मेरीलँडसुद्धा आहे. वडील धर्मोपदेशक. घरात खाणारी तोंडं भरपूर आणि मिळकत तुटपुंजी, म्हणून मुलीला मॉन्रोव्हियात शिवणकाम करणाऱ्या एका विधवा बाईंकडे वाढायला ठेवलं. शाळकरी वयातच त्या आपल्या आपण टायपिंग शिकल्या आणि कायद्याचे कागद टाइप करून चार पैसे मिळवू लागल्या. चौदाव्या वर्षी लग्न, मग दोन मुलगे, पुढे घटस्फोट. दरम्यान सरकारी खजिन्यात टायपिस्टची नोकरी झाली आणि तिथून न्यायखात्यात कोर्टाच्या स्टेनोग्राफर.

इथे जरा थांबतो. कोर्टातल्या स्टेनोला वकील लोक फारसं मोजत नाहीत, पण खटल्याचं भवितव्य पुष्कळदा त्या टेबलावर ठरतं. आपल्याकडचंच बघा. साक्षीदार पिंजऱ्यात पाच मिनिटं बोलतो, मधे समोरचा वकील हरकत घेतो, आणि न्यायाधीश डिक्टेशन देतात ते तीन ओळींचं. साक्षीदार म्हणाला होता ‘बहुधा तोच होता’. कागदावर आलं ‘तोच होता’. अपिलात हा ‘बहुधा’ तुम्ही कुठून आणणार? चांगला ज्युनिअर तिथल्या तिथे उठून म्हणतो, ‘साहेब, साक्षीदार बहुधा म्हणाला.’ जो उठत नाही तो पुढे सहा वर्षं हळहळतो. वकिलांच्या बोलण्यातलं किती उरतं आणि किती वाऱ्यावर जातं, हे विशीच्या आत रोज आपल्या हाताने टिपणाऱ्या मुलीला जे कळलं असेल ते कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही.

वकील व्हायचं त्यांनी तिथेच ठरवलं. देशात तेव्हा लॉ कॉलेज नव्हतं. एखाद्या जाणत्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करायची, हाच मार्ग. त्यांनी क्लॅरेन्स सिम्प्सन यांच्याकडे उमेदवारी केली. हे सिम्प्सन साधे वकील नव्हेत; ते लायबेरियाचे उपाध्यक्ष झाले आणि १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत, जिथे संयुक्त राष्ट्रांची सनद तयार झाली, तिथे लायबेरियाच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते. बाई कोर्टात उभ्या राहू लागल्या तेव्हा लोक गंमत बघायला गोळा व्हायचे. बाईमाणूस वकिली करतंय, हाच तमाशा. त्या देशातल्या पहिल्या महिला वकील म्हणून पुढे त्यांची नोंद झाली, पण सुरुवात अशी होती.

पुढचं शिक्षण अमेरिकेत. पैसे नव्हते. लायबेरियाचे अध्यक्ष टबमन सकाळी फिरायला निघायचे त्या रस्त्यावर जाऊन त्यांनी प्रवासखर्चाची मदत मागितली, असा किस्सा त्यांच्याबद्दल सांगितला जातो. उत्तर कॅरोलिनातल्या रॅले शहरात शॉ विद्यापीठात भांडी घासणं, कपडे धुणं, ग्रंथालयात मदतनीस, रुग्णालयात परिचारिकांच्या हाताखाली, अशी कामं करत १९४९ मध्ये पदवी घेतली. मग विस्कॉन्सिन विद्यापीठातून कायद्याची पदवी आणि राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंधांतली पदव्युत्तर पदवी, त्यानंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास. १९५३ मध्ये परतल्या त्या थेट सहायक अ‍ॅटर्नी जनरल म्हणून. त्याच काळात लायबेरिया विद्यापीठात कायदा शिकवला. तिथला कायदा विभाग उभा करण्यात त्यांचा हात होता.

१९५४ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या शिष्टमंडळात अचानक एक जागा रिकामी झाली आणि तिथे यांची वर्णी लागली. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले सदस्य किती होते, तर चार: इजिप्त, इथिओपिया, लायबेरिया आणि दक्षिण आफ्रिका. चौथ्याचं सरकार वर्णभेदी. म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या सगळ्या कृष्णवर्णीय आफ्रिकेच्या वतीने त्या सभागृहात बोलायला देश उरले दोन. या आकड्याशिवाय ब्रुक्सबाईंच्या कामाचं वजन लक्षात येत नाही.

त्यांचं खरं घडणं झालं महासभेच्या चौथ्या समितीत. ही समिती विश्वस्त प्रदेश आणि वसाहतींचे प्रश्न हाताळायची. दोन महायुद्धांनंतर काढून घेतलेले प्रदेश ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम वगैरे देशांकडे विश्वस्त म्हणून सोपवलेले होते. असे एकूण ११ प्रदेश, त्यांपैकी सात आफ्रिकेत: दोन टोगोलँड आणि दोन कॅमेरून (एकेक ब्रिटिश, एकेक फ्रेंच), टांगानिका, रुआंडा-उरुंडी आणि सोमालीलँड.

आता या समितीचं कामकाज जवळून बघा, म्हणजे वकिलीचा प्रश्न सुटेल. विश्वस्त प्रदेशातला एखादा माणूस, शाळामास्तर असेल, कामगार पुढारी असेल, समितीकडे लेखी अर्ज करतो की मला म्हणणं मांडायचं आहे. अर्ज आला की कारभार बघणारं राष्ट्र हरकत घेतं: हा कोणाचाच प्रतिनिधी नाही, याच्या मागे अमुक पक्ष आहे. समिती आधी ऐकायचं की नाही हे ठरवते. ऐकायचं ठरलं की अर्जदार टेबलाशी बसून निवेदन वाचतो, आणि त्यानंतर सदस्य देश प्रश्न विचारतात. वकिलाला ओळखीची वाटेल अशी जागा ही. अर्जदार बिचारा आयुष्यात पहिल्यांदा न्यूयॉर्कला आलेला. तो तळमळीने बोलतो, पण तळमळ नोंदीत येत नाही. त्याला विचारावं लागतं: सभेला परवानगी कोणी नाकारली? कोणत्या तारखेला? आदेश लेखी होता का? किती जणांना पकडलं? उत्तरं कामकाजाच्या नोंदीत चढली की ती खोडायची जबाबदारी कारभारी राष्ट्रावर पडते. भाषण देणाऱ्या मुत्सद्द्यापेक्षा असे चार साधे प्रश्न नीट क्रमाने विचारणारा माणूस इथे जास्त कामाचा.

१९५६ मध्ये बाई या समितीच्या उपाध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटिश टोगोलँडमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सार्वमत झालं आणि तो प्रदेश गोल्ड कोस्टला, म्हणजे मार्च १९५७ पासूनच्या घानाला, जोडला गेला. १९६० हे वर्ष तर आफ्रिकेचंच. एका वर्षात १६ आफ्रिकी देश सदस्य झाले. १९६१ मध्ये बाई चौथ्या समितीच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा सभागृहाचा रंगच पालटलेला होता.

त्या अधिवेशनातला एक प्रसंग वकिलांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. ११ ऑक्टोबर १९६१ रोजी दक्षिण आफ्रिकेचे परराष्ट्रमंत्री एरिक लाव यांनी महासभेत वर्णभेदाचं समर्थन करणारं भाषण केलं. लायबेरियाच्या प्रतिनिधीने मागणी केली ती उत्तराची वेळ नव्हे, तर हे सगळं भाषण कामकाजातून काढून टाकण्याची. मग तो मुद्दा मागे पडून निषेधाचा ठराव आला आणि ६७ विरुद्ध १ मतांनी संमत झाला. २० देश तटस्थ. एका सदस्य देशाच्या मंत्र्याचा भाषणासाठी असा निषेध सोपी गोष्ट नव्हती. माझं मत विचाराल तर भाषण काढून टाकलं गेलं नाही हेच बरं झालं. विरोधकाचं वाक्य नोंदीत राहू द्यावं, पुढे आपल्याच कामी येतं. पण लायबेरियाचं शिष्टमंडळ कशा पद्धतीने विचार करत होतं हे त्यातून दिसतं.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे चरित्र गौरवग्रंथ होईल. बाई बाहेर वसाहतवादाविरुद्ध लढत होत्या, तेव्हा घरी लायबेरियात एकाच पक्षाची सत्ता होती आणि किनाऱ्यावरच्या अमेरिको-लायबेरियन घराण्यांचं वर्चस्व. आतल्या भागातल्या मूळ रहिवाशांना फारसा आवाज नव्हता. पोर्तुगालने हे अचूक हेरलं. अंगोला-मोझांबिक या पोर्तुगीज वसाहतींतल्या सक्तीच्या मजुरीबद्दल घानाने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे पोर्तुगालविरुद्ध तक्रार केली, तर त्याच १९६१ सालात पोर्तुगालने लायबेरियाविरुद्ध तशीच तक्रार ठोकली. चौकशी आयोग नेमला गेला, आणि लायबेरियाला आपले कायदे सुधारावे लागले. हेतू सुडाचा होता, तक्रार मात्र पोकळ नव्हती. हात साफ नसलेल्या अशिलाची बाजू मांडायची वेळ प्रत्येक वकिलावर येते. मुत्सद्द्याला तर अशील बदलताच येत नाही.

१९६२ मध्ये रुआंडा-उरुंडीसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. महासभेची इच्छा होती की बेल्जियमच्या ताब्यातला हा प्रदेश एकसंध राहून स्वतंत्र व्हावा. तिथल्या नेत्यांना ते मान्य नव्हतं. १ जुलै १९६२ ला रुआंडा आणि बुरुंडी असे दोन वेगळे देश झाले. ठराव करणाऱ्यांच्या इच्छेला जमिनीवर किती किंमत असते, हा धडा बाईंनी तिथे जवळून घेतला असणार. सात वर्षांनी त्या जे बोलल्या त्यावरून तसं वाटतं.

१९६३ ची रॅलेची घटना तुम्ही कुठेतरी वाचली असेल. ज्या शहरात भांडी घासून शिकल्या, त्याच शहरात ३० एप्रिल १९६३ रोजी त्या व्याख्यानासाठी गेल्या होत्या, आता संयुक्त राष्ट्रांतल्या लायबेरियाच्या प्रतिनिधी म्हणून. सोबत अ‍ॅलार्ड लोवेनस्टीन हे नागरी हक्कांचे कार्यकर्ते. दोन उपाहारगृहांनी त्यांना कृष्णवर्णीय म्हणून वाढायला नकार दिला. अमेरिकी परराष्ट्र खात्याला माफी मागावी लागली आणि शहरातल्या निदर्शनांना जोर चढला. हा प्रकार मुद्दाम घडवून आणला असा आरोप तेव्हा झाला. समजा घडवून आणला. तरी काय बिघडलं? चाचणी खटला (टेस्ट केस) असाच मुद्दाम उभा करतात. नकार द्यायचा की नाही हे तर उपाहारगृहाच्याच हातात होतं.

आता नैऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचं नामिबिया. हे प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्याने टाळू नये. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण आफ्रिकेकडे सोपवलेला हा प्रदेश तिने गिळायचं ठरवलं. १९४६ च्या पहिल्याच महासभेत तिला विरोध झाला, आणि तिथे भारताच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित. त्या शिष्टमंडळात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश एम. सी. छागलाही होते, जे पुढे मुख्य न्यायमूर्ती, मग अमेरिकेत राजदूत आणि अखेर परराष्ट्रमंत्री झाले. (वकिलीतून मुत्सद्देगिरीत गेलेला घरचा माणूस हवा असेल तर छागलांपासून सुरुवात करा.) १९६० मध्ये इथिओपिया आणि लायबेरिया यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दक्षिण आफ्रिकेवर दावा लावला. हेच दोघे का? कारण जुन्या राष्ट्रसंघाचे सदस्य असलेले कृष्णवर्णीय आफ्रिकी देश हे दोनच. अर्जदारांतर्फे मुख्य युक्तिवाद अमेरिकी वकील अर्नेस्ट ग्रॉस यांचे. १९६२ मध्ये न्यायालयाने ८ विरुद्ध ७ असं ठरवलं की दावा ऐकायचा अधिकार आपल्याला आहे. १८ जुलै १९६६ ला मतं ७-७ अशी पडली, अध्यक्ष पर्सी स्पेंडर यांनी निर्णायक मत टाकलं, आणि निकाल लागला की अर्जदारांना या विषयात कायदेशीर हितसंबंधच नाही. आपल्या वकिली भाषेत, लोकस नाही, म्हणजे दावा लावण्याचा हक्कच नाही. सहा वर्षं चालवून!

ब्रुक्सबाई त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या आफ्रिकी महिला. आफ्रिकी देशांनी रडगाणं गायलं नाही. हेगला साचलेली सगळी नोंद हाताशी होतीच. जेमतेम सव्वातीन महिन्यांत, २७ ऑक्टोबर १९६६ ला, महासभेने ११४ विरुद्ध २ मतांनी दक्षिण आफ्रिकेचा त्या प्रदेशावरचा अधिकारच संपुष्टात आणला. १९७१ मध्ये त्याच न्यायालयाने सल्लागार मत दिलं की दक्षिण आफ्रिकेचं तिथलं वास्तव्य बेकायदेशीर आहे.

१६ सप्टेंबर १९६९ ला २४ व्या महासभेच्या अध्यक्षपदी बाईंची निवड झाली. सदस्य तेव्हा १२६. विजयालक्ष्मी पंडितांनंतर सोळा वर्षांनी दुसरी स्त्री, आणि पहिली आफ्रिकी स्त्री. (तिसरीसाठी २००६ पर्यंत थांबावं लागलं.) पहिल्याच भाषणात त्यांनी सभागृहाला खडसावलं. आशय असा, की भाषणं, आपसातल्या तडजोडी आणि ठरावसुद्धा बाहेरच्या जगावर फारसा परिणाम करत नाहीत, हे आपण विसरतो. जगाचे व्यवहार जणू या इमारतीतच घडतात अशा समजुतीत आपण वागतो. अध्यक्षपद स्वीकारताना माणसं आभार मानतात. बाईंनी उलट हिशेब मागितला.

अध्यक्ष करतो काय, तर बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नावं पुकारतो. खरा कस हरकतीच्या मुद्द्याला (पॉइंट ऑफ ऑर्डर), म्हणजे कामकाज नियमाला सोडून चाललंय या तक्रारीला, लागतो. कोणीही प्रतिनिधी भाषण मधेच तोडून तो उपस्थित करू शकतो, अध्यक्षाने तिथल्या तिथे निर्णय द्यायचा, आणि त्या निर्णयाला आव्हान मिळालं तर चर्चेविना लगेच मतदान. बहुमत विरोधात गेलं तर अध्यक्षाची शोभा. विचार करायला मिळतो तो काही सेकंदांचा. कोर्टात हरकतींवर वाढलेल्या माणसाला हे जमतं. इतरांना शिकून घ्यावं लागतं.

१९६९ च्या त्या अधिवेशनात विशेष शिष्टमंडळांविषयीचा, म्हणजे एखाद्या कामापुरत्या परदेशी पाठवलेल्या शिष्टमंडळांविषयीचा, करार संमत झाला. तुमच्या अभ्यासक्रमात राजनैतिक संबंधांच्या प्रकरणात तो असेल. खोल समुद्रतळाच्या उत्खननाला तात्पुरती स्थगिती देणारा ठरावही त्याच डिसेंबरातला. आणि त्याच अधिवेशनावर एक डागही आहे. पश्चिम इरियन, म्हणजे पश्चिम न्यू गिनी, इंडोनेशियात राहायला तयार आहे का, हे ठरवण्यासाठी १९६९ च्या उन्हाळ्यात ‘मुक्त निवड’ घेतली गेली. प्रत्यक्षात हजाराच्या आसपास निवडक माणसं बसवून एकमुखाने होकार घेतला. १९ नोव्हेंबरला महासभेने ८४ विरुद्ध शून्य मतांनी त्याची केवळ दखल घेतली. ३० देश तटस्थ, त्यांत बरेच आफ्रिकी. विश्वस्त प्रदेशांच्या प्रश्नांवर हयात घालवलेल्या बाईंच्या अध्यक्षपदाखाली हे व्हावं! अध्यक्षाला मत नसतं, हे कायद्याने खरं. तरी ते खटकतं.

पुढचं थोडक्यात. १९७० मध्ये दुसरा विवाह, तेव्हापासून ब्रुक्स-रँडॉल्फ. १९७५ ते १९७७ संयुक्त राष्ट्रांत स्थायी प्रतिनिधी. १९७७ मध्ये अध्यक्ष टोलबर्ट यांनी त्यांना लायबेरियाच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमलं, तिथेही पहिली महिला. १२ एप्रिल १९८० ला सॅम्युएल डो या सैनिकाने सत्ता उलथवली, टोलबर्ट मारले गेले आणि दहा दिवसांनी मॉन्रोव्हियाच्या समुद्रकिनाऱ्यावर तेरा जणांना गोळ्या घातल्या. त्यांत सरन्यायाधीश जेम्स पिअर होते, ज्यांच्यासोबत बाई न्यायासनावर बसत. त्यांची न्यायाधीशी तिथेच संपली. त्यांनी आपल्या घरी डझनावारी मुलं वाढवली होती, हे त्यांच्या कुठल्याच पदाइतकं लिहिलं जात नाही. ९ सप्टेंबर २००७ ला ह्यूस्टनमध्ये त्यांचं निधन झालं. मॉन्रोव्हियात २००९ मध्ये त्यांच्या नावाने केंद्र सुरू झालं. त्याने चालवलेल्या ‘विमेन्स सिच्युएशन रूम’मध्ये निवडणुकीच्या काळात स्त्रिया हिंसाचाराच्या तक्रारी टिपतात आणि लगेच हालचाल करवतात.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही पण आहे. आपल्याकडे बहुतेक जण भारतीय परराष्ट्र सेवा एवढाच दरवाजा बघतात. परराष्ट्र मंत्रालयात लीगल अँड ट्रीटीज विभाग आहे. तिथले विधी अधिकारी लोकसेवा आयोगामार्फतच, पण नागरी सेवा परीक्षेशिवाय वेगळ्या जाहिरातीने भरले जातात. करारांचे मसुदे तपासणं, संयुक्त राष्ट्रांच्या सहाव्या म्हणजे विधी समितीत बसणं, हे त्यांचं काम. जागा थोड्या असतात, जाहिरात रोज निघत नाही, आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातली पदव्युत्तर पदवी असल्यास बरं. तोवर दोन-तीन वर्षं खालच्या कोर्टात साक्षी-पुराव्याचं काम करा. आणि नैऋत्य आफ्रिकेचा १९६६ चा निकाल वाचायला घेतलात तर बहुमतापाशी थांबू नका. न्यायमूर्ती तनाका आणि जेसप यांची विरोधी मतं आधी वाचा, मग १९७१ चं सल्लागार मत घ्या. लोकसच्या मुद्द्यावर अडलात तर खाली विचारा.